माझ्या बढत्या आणि बायकोची चूल

मला आतापर्यंत चार बढत्या मिळाल्या आणि चारही वेळा मी घरी टॉवेल घेऊन आलो. पगार चारही वेळा होता तिथंच राहिला.

बाहेरच्या माणसाला टॉवेल म्हणजे काहीतरी मिळाल्यासारखं वाटेल. सोलापुरात तसं नाही. आमच्याकडं पाहुण्याला टॉवेल, जावयाला टॉवेल, बारशाला टॉवेल, आणि दहाव्यालाही टॉवेलच. सोलापुरातल्या कुठल्याही कपाटाचं दार उघडा, पहिला अंगावर टॉवेलच पडेल. त्यात मी टॉवेलच्याच कारखान्यात कारकून. माझा टॉवेल देऊन सत्कार करणं म्हणजे विहिरीत राहणाऱ्या बेडकाला तांब्याभर पाणी देण्यासारखं होतं.

केम या माझ्या गावाहून सोलापुरात आलो तेव्हा एमआयडीसीतल्या या कारखान्यात थोरले मालक होते. ते दिवाळीच्या आधी एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे, मनसोक्त झापायचे आणि शेवटी पगारात थोडी भर घालायचे. झापणं आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत विसरायचो. भर वर्षभर पुरायची. मग ते गेले आणि त्यांचा मुलगा पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला. स्वभावानं फार गोड. त्यानं आल्याआल्या दोन गोष्टी बंद केल्या. पहिली झापणं. दुसरी पगारवाढ.

"काका," पहिल्याच दिवाळीला तो मला म्हणाला, "पैशानं माणूस कामाला येतो, पण मानानं तो कामावर प्रेम करतो." मी म्हणालो, "मालक, प्रेम आहेच. वाढीचं काय?" तो हसला. "बघू दिवाळीला." मी म्हणालो, "दिवाळी परवाच आहे." तर म्हणाला, "पुढच्या."

मग सत्कार सुरू झाले. कारखान्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळ्यांना उभं करायचं, नाव पुकारायचं, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि नव्या व्हिजिटिंग कार्डांची डबी. टाळ्या. फोटो. मी पहिल्यांदा सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह झालो तेव्हा मला नॅपकिन मिळाला. असिस्टंट मॅनेजर झालो तेव्हा हात पुसायचा टॉवेल. मॅनेजर झालो तेव्हा आंघोळीचा. कारखान्यात माझी प्रगती कशी झाली हे बघायचं असेल तर माझ्या दोरीवरचं वाळवण बघावं.

आणि हे फक्त माझंच नव्हतं. एका वर्षात अख्खा कारखाना अधिकारी झाला. माग चालवणारे प्रॉडक्शन ऑफिसर झाले, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका फिनिशिंग सुपरवायझर झाल्या, आणि मागाचे पाने-स्क्रू बघणारा टेंभुर्णीकडचा फिटर टेक्निकल हेड झाला. कामगार म्हणावा असा कारखान्यात कुणी उरलाच नाही. सगळे साहेब, सगळे घामाघूम, आणि सगळ्यांच्या डब्यात तीच शेंगाचटणी.

मी खूश नव्हतो असं म्हणणार नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की वरून दृश्य चांगलं दिसतं. गावाकडं गेलो की शर्टाच्या खिशातून कार्ड थोडं वर काढून ठेवायचो.

गेल्या वर्षी आषाढात चौथी बढती आली. जनरल मॅनेजर! या वेळी खांद्यावर पडला तो थेट परदेशी जाणारा, समुद्रकिनाऱ्यावर अंथरायचा टॉवेल. एवढा मोठा की त्यात मी आणि आमचं कपाट दोघं एकदम गुंडाळले गेलो असतो. त्यावर गॉगल घातलेला एक हिरवा पोपट होता. विणताना कुठंतरी घोटाळा झाल्यामुळं त्या पोपटाला चोच नव्हती, म्हणूनच तो परदेशी न जाता माझ्या खांद्यावर आला. मालकांनी पोपटासकट माझा फोटो काढला, आणि घात तिथंच झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांच्या मधे, फ्लेक्स लागला. मालकांनी स्वतःच्या खर्चानं लावला होता. वर "हार्दिक अभिनंदन", मधे हात जोडलेला मी, माझ्या खांद्यावर बिनचोचीचा पोपट, आणि खाली "जनरल मॅनेजर" एवढ्या मोठ्या अक्षरात की चष्मा नसलेल्यालाही सुटका नाही.

भाजीवालीनं त्या दिवसापासून मला जुड्या निवडू देणं बंद केलं. "साहेब माणसं तुमी, जुडीला काय बघताय?" न्हाव्यानं मला न विचारता डोक्याला मालिश केली आणि तिचे वेगळे पैसे घेतले. अकलूजहून मेव्हण्याचा फोन आला, की त्याच्या साडूच्या मुलाला कुठंतरी चिकटवा. गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली, दरवर्षीचा आकडा सांगितला तर ती एकमेकांकडं बघून हसली, आणि एकजण अदबीनं म्हणाला, "सर, हा क्लार्क लोकांचा रेट आहे."

"पाहिलंस?" मी घरात येऊन म्हणालो, "लोक किती मान देतात."

बायको परातीत पीठ मळत होती. ती अकलूजकडची, मान वर न करता बोलायची सवय. "मान देत्यात आन् पैसं घेत्यात," ती म्हणाली. "पगार वाढला का?"

"बघू दिवाळीला."

"कोन म्हनतंय, तुमी का मालक?"

आता बायकोच्या कामाविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच अडली. आम्ही राहत होतो त्या दोन खोल्या पत्र्याच्या, पण मागं अंगण होतं आणि अंगणात चूल. त्या चुलीवर बायको कडक भाकरी करायची. ज्वारीची, पातळ थापलेली, तव्यावरून काढून चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी वाळवलेली. स्टेशनजवळच्या दोन हॉटेलांत जायची आणि रोज संपायची. दर वर्षी दसरा-दिवाळीला बायको हॉटेलवाल्यांना सांगायची की भाकरीमागं एवढे वाढले. ते कुरकुरायचे आणि द्यायचे. मी तिला एकदा विचारलं होतं, "तू त्यांना काय कारण सांगतेस?" ती माझ्याकडं असं बघायला लागली जणू मी भाकरीला देठ कुठं असतो ते विचारलं. "कारन कसलं? वर्ष झालं की."

गॅसवर ती भाकरी होत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चूल होत नाही. त्या अंगणावर आमचं निम्मं घर चालत होतं. मान वगैरे धरला तर निम्म्याहून जास्त.

घराची मालकीण शेजारच्याच खोलीत राहायची. विणकर तेलुगू घरातली, नवरा मागावर राबून गेलेला. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणते. दिवसभर उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. बोलतानाही बोटं थांबत नसत, त्यामुळं ती रागावली आहे की नाही हे फक्त बोटांच्या वेगावरून कळायचं.

गौरी-गणपती झाले आणि अम्मानं मला हाक मारली. "ओ मॅनेजर, ये इकडं." बोटं भलत्या वेगानं चालली होती.

"काय अम्मा?"

"तू मोठा झाला की रे. मोठा फोटो, मोठा पोपट. मग भाडं पण मोठं नको का? दसऱ्यापासनं दुप्पट. नाय जमलं तर खोली सोड. मोठ्या माणसाला माझा पत्रा शोभत नाय."

"अम्मा, नाव वाढलंय फक्त. पगार तेवढाच आहे."

"असं कुटं असतंय?" ती म्हणाली. "माझा विडीवाला मला जनरल मॅनेजर म्हणत नाय, म्हणून मजुरी वाढत नाय. तुला म्हणतोय, आणि वाढवत नाय? लबाड बोलतो तू."

तिचं म्हणणं सरळ होतं आणि खरं मात्र माझं होतं. मी फ्लेक्सकडं बघितलं. मी हात जोडून हसत होतो.

घरात शिरलो तर बायकोनं सगळं ऐकलेलं. ती चुलीपाशी बसून होती. तिच्या समोर भाकऱ्या रांगेनं उभ्या होत्या, आणि ती एरवी बसते तशी नव्हे, हात मांडीवर टाकून नुसती बसली होती. ते बघून मला खरंच भीती वाटली.

"ही चूल गेली तर मी काय करू, सांगा," ती म्हणाली. मग उठली, पदर खोचला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दसऱ्याच्या आत एक तर पगार वाढवून आना, न्हायतर पैल्यासारकं कारकून होऊन या. मधलं कायबी नको मला."

मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. मालकांनी उठून खुर्ची दिली. ते तसे संस्कारी.

"मालक, पगाराचं बघा. फार अडचण आहे."

त्यांचा चेहरा कळवळ्यानं भरून आला. "कळतं हो मला, जीएम साहेब. तुमच्या योग्यतेला न्याय मिळत नाही." त्यांनी खण उघडला. माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या खणात कार्डांचे नमुने असतात हे मला माहीत होतं. "व्हाइस प्रेसिडेंट कसं वाटतं?"

"नको!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बाहेर चहावाला थबकला. "मालक, पाया पडतो. नको."

"त्याला चादर आहे," मालक म्हणाले. "डबल."

मी तिथून अक्षरशः पळ काढला.

राहिला दुसरा मार्ग. चार दिवसांनी मी धीर करून परत गेलो आणि मला पुन्हा कारकून करा असं सांगितलं. मालकांना ते कळेचना. मी तीनदा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "पण डिमोशनसाठी काहीतरी चूक करावी लागते हो. उगाच कसं करणार? तुमच्यावर अन्याय होईल."

एवढंच ना, मी म्हटलं. चुका काय, करू.

नवरात्र जवळ आलं होतं. मी पहिल्या दिवशी मुद्दाम दोन तास उशिरा गेलो. कारकून असताना दहा मिनिटांचा उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. मालक दारातच भेटले. घड्याळाकडं बघून म्हणाले, "छान. सीनियर माणसानं स्वतःच्या वेळेनं यावं. लोकांना घाई करायची सवय आहे." दुसऱ्या दिवशी जेवणानंतर टेबलावर डोकं ठेवून घोरलो. मालकांनी येऊन पंख्याचा वेग वाढवला आणि सगळ्यांना हळू बोला म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याला फोनवर उगाच तोडून बोललो. त्यानं घाबरून जुनी बाकी पाठवून दिली. मालक म्हणाले, "याला म्हणतात लीडरशिप."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कारकून जे केल्यावर घरी जातो, नेमकं तेच केल्यावर जनरल मॅनेजर नावाजला जातो. एवढी वर्षं मी वेळेवर येऊन, जागा राहून आणि गोड बोलून स्वतःचं वाटोळं करत होतो. मला हसायला आलं आणि रागही आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या पगारातून कापल्या गेलेल्या त्या सगळ्या दहा-दहा मिनिटांचा.

घरी बायको रोज संध्याकाळी एकच विचारायची. "झाला का कारकून?" मी नाही म्हणून मान हलवायचो. ती भाकऱ्या मोजायला लागायची, पण मन नसायचं. एका वाऱ्याच्या दिवशी गल्लीतला फ्लेक्स फाटून खाली आला. तिनं तो ओढत आणला, मधोमध कापला आणि सरपणावर झाकला. माझं वरचं अर्धं अंग पोपटासकट लाकडांवर पसरलं. खालचं, "जनरल मॅनेजर" लिहिलेलं, अम्मानं मागून नेलं आणि शेळीच्या खोपटावर टाकलं. "आता शेळी पण मोठी झाली," अम्मा म्हणाली. "तिचं पण भाडं घेते." पण दसऱ्याचं बोलणं तिनं मागं घेतलं नाही.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. माग धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायच्या, आणि ज्याचं जे हत्यार असेल ते त्यानं पाटावर ठेवायचं. फिटरचे पाने, शिवणाऱ्या बायकांच्या कात्र्या, मागवाल्यांचे आकडे आणि ब्रश, माझा पेन आणि जुना कॅल्क्युलेटर. गुरुजी हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी ते हत्यार वापरायचं नाही. मालकांच्या आई, म्हणजे थोरल्या बाई, या पूजेला न चुकता येतात. बाकी वर्षभर त्या कारखान्यात काही विचारत नाहीत, पण या दिवशी चुकलेलं त्यांना खपत नाही.

त्या वर्षी मालकांनी आठवड्याआधी सांगितलं होतं, की फोटो निघणार आहेत, तेव्हा अधिकाऱ्यांनी हातात पाने वगैरे घेऊन येऊ नये. आपापल्या पदाला साजेसं यावं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले. बायका जरीच्या साड्या नेसल्या होत्या. फिटरनं तर मनगटावर घड्याळ घातलं होतं, जे चालू नव्हतं.

गुरुजींनी पाट मांडला आणि म्हणाले, "हं, ठेवा हत्यारं."

मी कारकून होतो तेव्हा पेन ठेवायचो. जनरल मॅनेजरचं हत्यार काय? मला खरोखर सुचेना. खिशात हात घातला तर कार्डांची डबी हाताला लागली. मी ती ठेवली. माझं बघून मागच्यानं ठेवली. मग सगळ्यांनी. एकेकजण पुढं येऊन, नमस्कार करून, पाटावर व्हिजिटिंग कार्डं ठेवून मागं सरकला. कुणाच्याही मनात खोडी नव्हती हे मी शपथेवर सांगतो. आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

गुरुजींनी हळदीचं बोट उचललं आणि तसंच धरून राहिले. "हे काय?"

"हत्यारं," फिटर म्हणाला.

थोरल्या बाई खुर्चीतून उठल्या. पाटाकडं बघितलं, मागांकडं बघितलं. "पाने कुठायत? कात्र्या कुठायत? नवमीच्या दिवशी कागदं पुजता? माग बसतील ना एकेक!" मालकांचा रंग उतरला. पुण्यात शिकलेले असले तरी माग बसतील म्हटल्यावर ते ओरडायलाच लागले. "अरे, आणा लवकर पाने. पळा! मुहूर्त जाईल."

फिटर एक पाऊल पुढं टाकून थांबला. त्याचा गोंधळ अगदी खरा होता. "पर मालक," तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं का, हेडनं पान्याला हात लावायचा न्हाय. मग आता आनू का नको?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मला समोर माग दिसत नव्हते. मला आमचं अंगण दिसत होतं, आणि मांडीवर हात टाकून बसलेली बायको.

"मालक," मी म्हणालो, "त्याचं बरोबर आहे. पाना फिटरचा, कात्री शिवणारीची. आपल्याकडं फिटर कुणी नाहीच, तर पाना ठेवणार कोण? आणि मी जनरल मॅनेजर. कॅल्क्युलेटर कारकुनाचा. कारकून तर कारखान्यात कुणी नाही."

गुरुजी म्हणाले, "पंधरा मिनिटं राहिलीत."

"मग आजच्या दिवस व्हा फिटर!" मालक म्हणाले. "सगळेच व्हा जे होतात ते!"

आता फिटरच्याही चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटायला लागलं. त्याच्या गावच्या जत्रेत टेक्निकल हेड म्हणून त्याच्याकडून जी वर्गणी उकळली होती ती त्याला आठवली असावी. "आजच्या दिवसाचं नगं मालक," तो म्हणाला. "देवाला फशिवल्यावानी हुईल. कायमचं करा की."

"व्हय व्हय, कायमचं करा," शिवणाऱ्या बायका एकदम म्हणाल्या.

मालक आमच्याकडं बघत राहिले. सत्काराला उभं राहावं तसे सगळे रांगेत उभे होते, फक्त या वेळी मागणी उलटी होती. थोरल्या बाई म्हणाल्या, "अरे, करून टाक ना. मागतायत काय, कमीच तर मागतायत."

"ठीक आहे," मालक म्हणाले. मग त्यांच्यातला शिकलेला माणूस जागा झाला. "पण जीएम साहेब, कारकुनाचा पगार जनरल मॅनेजरपेक्षा कमी असतो. तो कमी करावा लागेल."

"करा की," मी म्हणालो. "मी कारकून होतो तेव्हा जेवढा होता तेवढा करा."

ते मनात आकडा आठवायला लागले. बराच वेळ लागला. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि त्यांनी मान खाली घातली. "म्हणजे तोच," ते अगदी हळू म्हणाले.

"तोच," मी म्हणालो. "आणि मालक, तो वाढवायचं बघा आता."

"बघू दिवाळीला," ते म्हणाले. पण या वेळी हसून नाही.

मुहूर्तात पूजा झाली. फिटर पाने आणायला धावला तो एखादं पोर सुट्टीला धावावं तसा. मी खणातून माझा जुना कॅल्क्युलेटर काढला. त्याचं एक बटण निघालेलं आहे. गुरुजींनी त्यावर हळदकुंकू वाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते का आलं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पानं घेऊन अम्माकडं गेलो. पाया पडलो, सोनं दिलं आणि सांगितलं, "अम्मा, मी कारकून झालो."

ती बोटं थांबवून माझ्याकडं बघायला लागली. "फ्लेक्स कुटंय?"

"कारकून झाल्याचा फ्लेक्स लावत नाहीत, अम्मा."

"फ्लेक्स नाय तर मी मानत नाय. वर चढला तर अख्ख्या गल्लीला सांगितला, उतरला तर माझ्या कानात सांगतो?"

बायको मागं उभी होती. ती अंगणात गेली, सरपणावरून माझं वरचं अर्धं ओढून आणलं, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि पोपटाच्या पोटावर ठळक अक्षरात लिहिलं: कारकून. मग दोघींनी मिळून तो फ्लेक्स दाराला बांधला. जाणारे-येणारे थांबून वाचायला लागले. समोरचे मास्तर घरातून बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन हं." त्यांना बहुतेक चष्मा नव्हता. भाजीवालीनं गाडी थांबवली, फ्लेक्स वाचला आणि मला मेथीच्या जुड्या निवडू दिल्या.

अम्मा उंबऱ्यात बसून बघत होती. "पगार किती कमी झाला?" तिनं विचारलं.

"कमी नाही झाला. तेवढाच आहे."

"म्हणजे मॅनेजर होता तेव्हा पण एवढाच?"

"एवढाच, अम्मा. तेच तर सांगत होतो."

ती हसायला लागली. सूप मांडीवरून घसरलं, तंबाखू सांडला, तरी ती हसत होती, आणि मग हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. "माझं पण तसंच की रे," ती म्हणाली. "विडीला तेवढेच देतो तो विडीवाला. तेल वाढलं, दूध वाढलं, माझी विडी तिथंच. मग मी कुणाला वाढवायला सांगू? तूच एक सापडला. जाऊ दे. राहा तू. आहे ते भाडं दे."

चूल वाचली. मी तिथंच तिच्या पायरीवर बसलो आणि सांडलेला तंबाखू सुपात भरायला लागलो.

मला वाटलं विषय संपला. पण बायको आत गेली ती एका कडक भाकरीवर चटणी घेऊन आली, आणि भाकरीखाली भाड्याचे पैसे. अम्मानं सवयीनं मोजले आणि हाक मारली, "अगं, जास्त दिला तू. मी नाय म्हटला ना वाढव."

"जास्त न्हाय अम्मा," बायको म्हणाली. "भाकरीचे वाढवून घेतले मी काल हाटेलवाल्याकडनं. त्यातलं थोडं हाय."

"पण कशाबद्दल?"

बायकोनं तिच्याकडं बघितलं, मला एकदा बघितलं होतं अगदी तसंच. "कशाबद्दल काय?" ती म्हणाली. "वर्ष झालं की."